बीजींची सवत

डिसेंबर लागला की आमच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये ऊन फक्त मागच्या बाल्कनीत येतं, आणि तेही जेवणवेळेपुरतं. मी तिथे पाट टाकून बसते, किन्नू सोलते आणि शेजारणींना दरवर्षी तेच ऐकवते: याला संत्रं म्हणायचं नाही. नागपूरची मुलगी आहे मी, निदान माझ्यासमोर तरी नाही. त्या खो खो हसतात आणि आणखी दोन किन्नू माझ्या ओच्यात टाकतात. मीही खाते. नावं ठेवत ठेवत खाते.

यंदा खाली पार्किंगमध्ये नवीनच करमणूक सुरू झाली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याने कुठून तरी एक जुनी जपानी गाडी आणली आहे. बसकी, दोनच दारांची, तोंड पुढे काढलेली. दर रविवारी तो तिच्याखाली झोपलेला असतो आणि वरून नुसत्या चपला दिसतात. कधीमधी ती सुरू होते, तेव्हा आमच्या मांडणीतले पेले थरथरतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडतो. आमचे सुधाकर मात्र वर्तमानपत्र खाली ठेवून कठड्यापाशी जातात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "सहा सिलिंडरांतलं एक पेटत नाहीये."

"मग जा की खाली, सांगा त्याला."

"नको. त्याचं त्याला सापडू दे. मजा जाते नाहीतर."

ते परत पेपरात तोंड घालतात. खालून पेट्रोलचा वास वर येतो, माझ्या हाताला किन्नूच्या सालीचा वास असतो, आणि ते दोन्ही वास एकत्र झाले की मी इथे राहतच नाही. मी सरळ दारजींच्या अंगणात जाऊन बसते.

तेव्हा आम्ही चंदीगडला नवे होतो. सुधाकर हवाई दलात, विमानांची इंजिनं खोलून परत बसवणं हे त्यांचं काम. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून सेक्टरातल्या एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालक, म्हणजे दारजी आणि बीजी. दारजींचं अर्धं आयुष्य नैरोबीत मोटारींचं वर्कशॉप चालवण्यात गेलेलं. साठीनंतर दोघं परत आले आणि या घरात राहिले. एकुलती एक मुलगी पम्मी, ती इंग्लंडात.

दिवस वाईट होते. पंजाबातल्या त्या वर्षांबद्दल आता लोक पुस्तकातल्यासारखं बोलतात. आम्हाला ती वर्षं रोजच्या भाजीसारखी होती. संध्याकाळच्या बातम्यांत कुठल्या तरी गावाचं नाव यायचं, आणि बीजी रेडिओचा कान पिळून म्हणायच्या, "चल, कणीक मळू." दिवेलागणीला रस्ते ओस. चौकाचौकात वाळूची पोती आणि पोलिसांचे नाके. आज बंद, परवा कर्फ्यू. नागपूरहून आईचा ट्रंककॉल आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "अवं, काहून राहून राहिले तुम्ही तिथं? या न इकडे निघून!" बदली काय आईच्या हातात होती? मी म्हणायची, "सगळं ठीक आहे गं." आणि फोन ठेवला की माझाच जीव टांगणीला लागायचा.

खाली गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी होतं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"ओ?" बीजींनी नाक मुरडलं. "ओ मेरी सौकन है."

सौकन म्हणजे सवत. मी चाटच पडले. मग त्यांनी ताडपत्रीचं टोक उचलून दाखवलं. विटांवर चढवलेली, धुळीने माखलेली, एकेकाळची लालभडक जपानी गाडी. सहा सिलिंडरची. नैरोबीच्या मातीच्या रस्त्यांवर दारजी हिला शर्यतीत पळवायचे. येताना फर्निचर विकलं, बीजींचं शिवणयंत्र विकलं, आणि ही मात्र जहाजात घालून आणली. बीजी सांगत होत्या, "लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा ही घरात आली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना यांचा एक कान बाहेरच."

पण मग विटांवर का? ते दारजी कधी बोलले नाहीत, बीजींनीच सांगितलं. चौऱ्याऐंशीच्या त्या वाईट हिवाळ्यानंतर एकदा तळ्याकडच्या नाक्यावर गाडी अडवली. पगडी, दाढी, लालभडक गाडी. नातवाच्या वयाच्या पोलिसाने दारजींना खाली उतरवलं, गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकवून उभं केलं आणि झडती घेतली. येणारेजाणारे बघत होते. दारजी घरी आले, गाडी आत लावली, चाकं उतरवली, विटा लावल्या. तेव्हापासून सेक्टरच्या बाहेर म्हणून पाऊल नाही. पार्कात फेरी मारायची आणि घरी यायचं. पम्मी फोनवर म्हणायची, "इथे या, कायमचे या." आणि दारजी हल्ली नाही म्हणायचे बंद झाले होते. बैसाखीला ती स्वतः येणार होती, घराचं गिऱ्हाईक बघायला आणि दोघांना घेऊन जायला.

"आणि तुम्हाला जायचंय, बीजी?"

त्या अंगणातल्या किन्नूच्या झाडाकडे बघत राहिल्या. "मला कोण विचारतं? नैरोबीला गेले तेव्हा विचारलं नाही, परत आले तेव्हा विचारलं नाही. हे एक घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, कुडिये. एकेका विटेवर पाणी मारलंय मी. मला इथेच मरायचंय." कुडी म्हणजे मुलगी, मला त्या कायम 'कुडिये' म्हणत.

आणि मग त्या बाईने जे केलं, त्याला मी आजही हात जोडते. सुधाकर कामावरून आले, सायकल लावत होते, तर त्यांच्यासमोर चहाचा पेला धरून बीजी म्हणाल्या, "पुत्तर, तू विमानं दुरुस्त करतोस. माझी सवत जिवंत कर. ती चालली तर हा माणूस फिरेल, आणि हा फिरला तर इंग्लंडला जाणार नाही."

सुधाकरनी चहा संपवला, ताडपत्री उचलली, आत डोकावून पाहिलं. आमच्या लग्नानंतर त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला रागही आला. मी म्हटलं, बीजी, एक सवत पुरेशी होती हो, आता माझ्याही वाट्याला दिलीत.

असा तो हिवाळा सुरू झाला. आता वाटतं, बंद आणि कर्फ्यू नसते तर ती गाडी कधीच उभी राहिली नसती. बाहेर जाता येत नाही, दुकानं बंद, सिनेमा बंद. मग माणसं करणार काय? आमच्या अंगणात गोणपाटावर इंजिनाचे तुकडे ऊन खात पडायचे. शेजारी बीजींच्या मोहरीच्या भाजीचा ढीग, माझं विणकाम, शेंगांची टरफलं. रॉकेलने धुतलेल्या लोखंडाचा वास आणि चुलीवरच्या सागाचा, म्हणजे त्याच भाजीचा, वास. धुकं असं दाट असायचं की गॅरेजातून दारजींचा आवाज यायचा पण दारजी दिसायचे नाहीत. मग दुपारी कुणी पडदा ओढावा तसं धुकं जायचं, लांब कसौलीचा डोंगर दिसायचा, आणि आम्ही सगळे उन्हात तोंडं वर करून बसायचो. एवढं सुख वाटायचं की भीती वाटायची. बाहेर काय चाललंय आणि आपण काय मजेत आहोत, असं मनात यायचं. पण खोटं कशाला बोलू? मजेत होतो.

सुधाकरांची कामाची पद्धत विमानतळावरची. गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी फळी ठोकली आणि प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती तिच्यावर रंगवली. काम संपलं की प्रत्येक हत्यार पुसून आपापल्या आकृतीवर. एक जरी आकृती रिकामी दिसली तर इंजिनाला हात लावायचा नाही, कारण विमानात विसरलेला पाना माणसं मारतो. आणि दुसरा नियम म्हणजे, ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. करणारा एक, बघणारा दुसरा.

"आता दुसरा कुठून आणू?" ते म्हणाले. दारजींचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड.

"मी आहे ना," मी म्हटलं. बोलून गेले आणि फसले. त्या दिवसापासून माझी पोळी तव्यावर असायची आणि खालून हाक यायची, "बघायला ये!" मी पोळी उतरवून जायची. बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून पीळ देऊन दुसऱ्या बोल्टाला बांधायची असते. एक बोल्ट ढिला होऊ लागला तर तीच तार दुसऱ्याला आवळते. मोटारीला कोणी असलं करत नाही, पण आमच्याकडे विमानाचा माणूस. मी पाहिलं आणि म्हटलं, "हा काय पीळ आहे? असा पीळ वातीला दिला तर दिवा लागणार नाही." लहानपणापासून आजीच्या हाताखाली वाती वळलेले हात माझे. मग तारा बांधायचं काम माझ्याकडेच आलं, आणि तपासायचं सुधाकरांकडे. दारजी मिशीत हसत म्हणायचे, "नागपूर वालों ने तो गड्डी नूं गहने पहना दिए!"

जपानी सुटा भाग तेव्हा कुठे मिळणार? जवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात एक लेथवाला होता, त्याच्याकडून सिलिंडर घासून घेतले, दुसऱ्याच गाडीचे पिस्टन आणून मापाला उतरवले. इथल्या उन्हाळ्याला पुरेल म्हणून रेडिएटर मोठा केला, त्यात ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा अर्धा जीव घातला. ब्रेकच्या रबरांसाठी सुधाकर दिल्लीला बसने गेले. ते बसचे दिवस नव्हते, वाटेत बस अडवून माणसं मारल्याच्या बातम्या यायच्या. रात्री येणार म्हणाले आणि आले दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण रस्ता बंद होता. ती रात्र मी आणि बीजींनी एका रजईत बसून काढली. त्या जपजी म्हणत होत्या, मी रामरक्षा. सुधाकर दारात दिसले तेव्हा मी त्यांना बोल बोल बोलले. चार रबरांसाठी बायकोला विधवा करायला निघाला होता का, असंही म्हणाले. ते बापडे पिशवी पुढे धरून उभे. मग मीच रडले आणि मीच चहा टाकला.

खरं भांडण मात्र सीटवरून झालं. गाडी मुळातच जमिनीला टेकलेली. बीजींचे गुडघे गेलेले. आत बसायचं म्हणजे त्यांना विहिरीत उतरल्यासारखं, आणि बाहेर काढायला दोन माणसं. सुधाकरनी बीजींच्या बाजूची सीट वर उचलायची ठरवली. दारजी कडाडले. "स्पोर्ट गड्डी आहे ती! तिच्यात बाई खाटेवर बसल्यासारखी बसणार? लोक हसतील!"

बीजींनी हातातली परात खाली ठेवली. "इतकी वर्षं मी तिच्यात बसले ते फक्त आकाश बघत. कधी रस्ता दिसला नाही मला. या खेपेला मला रस्ता दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पाहते तर दारजी स्वतःच सीटखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या कानशीने घासत बसले होते. मी गुपचूप वर निघून आले.

लोहडी झाली. आमच्या अंगणात शेकोटी, रेवडी, शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी माझी संक्रांत, मग मी तिळगूळ वाटला. दारजींनी तोंडात टाकला आणि दाढेला हात लावला. म्हणाले, तुमच्याकडे गोड बोला म्हणून हा देतात, की कुणी बोलूच नये म्हणून? खरं म्हणजे पाक जरा पुढे गेला होता. मी मान्य केलं नाही.

इंजिन जुळलं, गाडीत बसलं. पहिल्यांदा चालू करायचा दिवस. बीजींनी बॉनेटवर तांब्याभर पाणी ओवाळलं. सुधाकर पाने मोजायला फळीकडे वळले, आणि थबकले. एक आकृती रिकामी.

शोधलं. खिसे, गोणपाट, नाली, किन्नूच्या झाडाचं आळं. नाही. दारजी म्हणाले, "ओ यार, असेल कुठे तरी. चाबी मार!"

"नाही. इंजिन उघडायचं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी कपाळाला हात लावला. जगात कुठलाही मेकॅनिक दुसरा पाना विकत घेईल. हा माणूस एका पान्यासाठी सगळ्या हिवाळ्याचं काम उसवायला बसला. आणि गंमत म्हणजे दारजीही आरडाओरडा करत का होईना, शेजारी बसले. माझे सगळे पीळ कापले गेले. बीजी बिचाऱ्या चहावर चहा आणत होत्या, "वाहेगुरू, वाहेगुरू" करत होत्या. इंजिनाचा तुकडान् तुकडा परत गोणपाटावर आला. पाना नव्हता.

त्या संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. तिथे बीजींच्या उडदाच्या वड्या वाळत होत्या, वर मलमलचं फडकं. आणि फडकं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजनं: एक बत्ता, दोन वाट्या आणि आमचा पाना. मी तिथूनच ओरडले. नंतर बीजी शांतपणे म्हणाल्या, "मैनूं की पता? मला काय ठाऊक? वीट ठेवली तर वड्यांना माती लागते. हे किती स्वच्छ पुसून ठेवलेलं होतं!" दारजी इतके हसले की त्यांना ठसका लागला, पगडी सैल झाली, डोळ्यांतून पाणी. बीजी मला हळूच म्हणाल्या की असं हसणं त्यांनी शेवटचं त्या नाक्याच्या प्रसंगाआधी ऐकलं होतं. आणि सुधाकर? पाना आकृतीवर टांगून ते समाधानाने म्हणाले, "चला. इंजिनात नव्हता, हे पक्कं झालं."

परत जुळवलं. परत तारा. फेब्रुवारी अर्धा सरला होता, गुलाब फुलले होते, स्वेटर दुपारी नकोसा होऊ लागला होता. दारजींनी चाबी फिरवली. गाडी खोकली, खोकली, आणि तिच्या सायलेन्सरातून असा आवाज फुटला की बंदूक सुटावी. एकदा नव्हे, लागोपाठ.

आज खाली असा आवाज झाला तर लोक ग्रुपवर चिडके चेहरे टाकतात. तेव्हा काय झालं सांगते. समोरची बाई भाजीच्या पिशवीसकट जमिनीवर आडवी झाली. धाड धाड खिडक्या लागल्या. कुणाचं तरी लेकरू किंचाळलं. आणि पाच मिनिटांत पोलिसांची जीप दारात. त्यांचंही चूक नव्हतं. पण जीपमधून उतरलेल्या माणसाने सगळ्यांना सोडून नेमकं दारजींकडे बोट केलं, "तुम. इधर आओ." कागद बघितले, डिकी बघितली, सीटखाली बघितलं. सुधाकरनी ओळखपत्र काढून पुढे केलं, तेव्हा आवाज मऊ झाला आणि जीप गेली.

दारजींनी साबणाने हात धुतले. खूप वेळ धुतले. मग आत जाऊन बीजींना म्हणाले, "पम्मीला सांग, तिकिटं काढ." आणि सुधाकरांकडे वळून, "पुत्तर, वाईट वाटून घेऊ नको. पण तुझ्या कार्डावर मी माझ्या शहरात राहू?"

बीजी देवाच्या फोटोपुढे जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही. मी वरून डबा घेऊन गेले तर म्हणाल्या, "संपलं, कुडिये." मी नुसती त्यांच्या शेजारी बसले.

सुधाकर मात्र दुसऱ्या दिवशीही गॅरेजमध्ये. त्या गाडीला दोन कार्ब्युरेटर, दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही ते रबरी नळी कानाला लावून ऐकायचं असतं. विमानांनी सुधाकरांचे कान कधीच खाल्लेले, म्हणून नळी माझ्या कानाला. एकदा इकडे, एकदा तिकडे. "हा जास्त सूं करतो. नाही, आता तो." दारजी व्हरांड्यात, आमच्याकडे मुद्दाम पाठ करून बसलेले. आम्ही चुकतोय, चुकतोय, इंजिन घोगरं होतंय. त्यांची पाठ अस्वस्थ झालेली मला दिसत होती. शेवटी तिकडूनच गर्जना आली, "ओए! ट्यूबवेल चालवताय काय? मागचा कम कर!" सुधाकरनी कमी केला. "होर! अजून!" आणि मग त्यांना राहवलंच नाही, चप्पल न घालता आले, सुधाकरांच्या हातातला पेचकस काढून घेतला. इंजिनाचा आवाज एका लयीत आला. बीजी स्वैपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, पिठाचे हात छातीशी धरून.

मार्चमध्ये सेमलच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, झाडांखाली लाल फुलांचा सडा पडतो. तशा एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. दारजी चालवायला, बीजी त्यांच्या उंच सीटवर महाराणीसारख्या, मी आणि सुधाकर मागे. मागची सीट नावाचीच. माझे गुडघे हनुवटीला. दारजींनी गाडी तळ्याच्या रस्त्याला घेतली. तोच नाका समोर आला. सुधाकरांचा हात खिशाकडे गेला. आरशातून दारजी म्हणाले, "कार्ड आत राहू दे."

गाडी हळू झाली. पोत्यांआडून पोलिसाने पाहिलं, जांभई दिली आणि हात हलवला, "चलो बाबाजी, चलो."

आम्ही पुढे निघालो. मी सुटकेचा श्वास सोडला. पण दारजींची मान लाल. पुढच्या गोल चौकापाशी ते भडकलेच, "बघितलंच नाही! अशी गाडी, आणि त्याने बघितलंच नाही?" चौकाला पूर्ण वळसा घालून गाडी परत नाक्याकडे. ज्या दिवसांत लोक नाका चुकवायला तीन सेक्टरांचा फेरा घालत, त्या दिवसांत आम्ही नाक्यावर हजेरी द्यायला निघालो होतो! सुधाकर पांढरेफटक. पोलिसाने पुन्हा हात हलवला. दारजींनी पुन्हा वळसा घातला. मी बीजींच्या खांद्याला मागून धरलं, तर त्या हसत होत्या.

तिसऱ्या वेळी मात्र पोलीस आडवा आला. "ओ बाबाजी, बार-बार क्यों घूम रहे हो?"

दारजी खाली उतरले. पगडी नीट केली. "चेक नहीं करनी?"

"क्या?"

"गड्डी. चेक करो." आणि त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं.

पोलीस वाकला. मग त्याने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने हवालदाराला. सकाळच्या उन्हात ते इंजिन ताज्या घासलेल्या समईसारखं चमकत होतं. "बाबाजी, ये तारें काहे की हैं?" दारजी टपावर एक कोपर टेकवून ऐसपैस उभे राहिले आणि सांगू लागले. नैरोबी, मनीमाजरा, ट्रॅक्टरचा रेडिएटर, वरच्या मजल्यावरची नागपूरची मुलगी. पोती, बंदुका, तीन पोलीस आणि एक म्हातारा. सगळे इंजिनात डोकी घालून. मला रडू आवरेना. बीजी मात्र खिडकीतून ओरडल्या, "आता चला! तळं काय इथे येणार आहे?"

बैसाखीला पम्मी आली. गोड मुलगी, बापाच्या काळजीने अर्धी झालेली. तिकिटं टेबलावर. दारजींनी तिला गाडीत फिरवून आणलं, आणि ती वैतागूनच उतरली. "डॅडी, सायकलवाले आपल्या पुढे जात होते! ही स्पोर्ट्स कार आहे ना?"

"नवं बांधलेलं इंजिन आहे, पुत्तर," दारजी गंभीरपणे म्हणाले. "आतले भाग एकमेकांना घासून रुळावे लागतात. तोवर पळवायचं नाही. नैरोबीत आम्ही म्हणायचो, पोले पोले. हळूहळू. आणि एकाच माणसाच्या हाताखाली रुळलं पाहिजे. मधेच सोडून गेलो तर सगळ्या मेहनतीवर पाणी."

"मग सुधाकरजी चालवतील."

"त्याचा हात वेगळा."

पम्मी सुधाकरांकडे वळली. "खरं आहे हे? किती दिवस लागतात?"

माझा नवरा यंत्राच्या बाबतीत कधी खोटं बोललेला नाही. मला माहीत होतं, तो मैलांचा आकडा सांगणार आणि सगळं बुडवणार. बीजींच्या हातातली चहाची किटली हवेतच थांबली. सुधाकर विचार करून म्हणाले, "ते दारजी किती हळू चालवतात त्यावर आहे."

पम्मीने बापाकडे पाहिलं, मग आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आणि तिकिटं उचलून पर्समध्ये ठेवली.

पुढे आमची बदली झाली, आम्ही जोधपूरला गेलो, नंतर आणखी कुठे कुठे. दिवस निवळले, नाके उठले. काही वर्षांनी सुट्टीत आम्ही दोघं त्यांना भेटायला आलो, तर कोपऱ्यावरच लाल गाडी दिसली. एक स्कूटर तिला हॉर्न मारून पुढे गेली, मग एक दूधवाला सायकलवरून. आत दारजी, दोन्ही हातांनी चाक धरून. शेजारी उंच सीटवर बीजी, रस्ता बघत. आम्हाला पाहून गाडी थांबली. दारजी उतरून सुधाकरना मिठीत घेत होते, तेव्हा बीजींनी मला खिडकीशी ओढलं.

"कुडिये, खरं सांग. ही कधीचीच रुळली असेल ना?"

"केव्हाच, बीजी."

"मग तोंड बंद ठेव. कुणी विचारलंच, तर सांग, अजून थोडी बाकी आहे."